एक हेल्मेट आणि आमची तीन डोकी

अण्णा,

तुम्हाला चांगलं म्हणणारं शेवटचं माणूस गेल्या आठवड्यात गेलं. आत्या गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि पलंगाभोवती जमलेल्या पोरांना तीच गोष्ट पुन्हा सांगत होती. आमचा अण्णा कसा शहाणा, साऱ्या ठाण्यात कुणी घालत नव्हतं तेव्हा तो तीनचाकी फटफटीवर लोखंडी टोपी घालून बसायचा, म्हणून तर मुंब्र्याच्या उतारावर गाडी उलटली तरी वाचला. माझा नातू तिथेच उभा होता. ही गोष्ट ऐकतच तो मोठा झालाय आणि हेल्मेट घातल्याशिवाय स्कूटरला किक मारत नाही, म्हणून मी तिथे तोंड उघडलं नाही. पण वर्तकनगरला घरी आले आणि माझं डोकं भणभणायला लागलं. तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय, अण्णा. तुम्ही होतात तेव्हा माझी हिंमत नव्हती, आणि हिंमत आली तोवर तुम्ही सुटलात. आता आत्याही नाही, मध्ये पडायला कुणी नाही, तेव्हा ऐका.

आपण चरईतल्या चाळीत राहायचो, तळमजल्याच्या खोलीत, आणि तुम्ही सोडावॉटरच्या कारखान्यात गाडीवर होतात. लढाई संपल्यावर मिलिटरीचा माल लिलावात निघाला, त्यातली एक फटफटी कारखान्याच्या शेठनी उचलली आणि तिच्या मागे दोन चाकं लावून वर लाकडी पेटारा बसवून घेतला. त्यात गोटीच्या बाटल्या भरून तुम्ही मुंब्रा, शीळ करत कल्याणच्या निर्वासितांच्या कॅम्पापर्यंत जायचात आणि परतीला डोंबिवलीत माल टाकायचात. उन्हाळ्यात तापून बाटल्या फुटायच्या. तुमच्या मानेवर काचांचे वण होते, ते तुम्ही पाहुण्यांना कॉलर खाली ओढून दाखवायचात. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. कधी तुमचा मूड बरा असला तर मला पेटाऱ्यावर बसवून तळ्याला एक चक्कर मारायचात, आणि चाळीतली पोरं मागून धावायची. तुमचा मूड बरा असणं म्हणजे काय, हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. बाकी जगाला तुम्ही रोज तसेच दिसायचात.

तुमच्या आधी त्या गाडीवर जो गडी होता तो मुंब्र्याला पडला. उतारावर गाडी कलंडली आणि त्याचं डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत, कसं फुटलं, काय काय बाहेर आलं, सगळं, हातातला घास तसाच धरून. शेठनी मग सोजिराचं हिरवं हेल्मेट आणलं, तेही लिलावातलंच, आणि बजावलं की हे घातल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. तुम्ही कारखान्याच्या फाटकात ते घालायचात आणि तळ्याच्या कोपऱ्यावर वळलात की काढून हँडलला अडकवायचात आणि खिशातली काळी टोपी डोक्यावर चढवायचात. टोपी न घालता तुम्ही कधी दारातसुद्धा उभे राहिला नाहीत. "हे घमेलं डोक्यावर घेऊन गावातून फिरू? लोक काय म्हणतील?" असं तुमचं म्हणणं. पुढे शेठ महिनाभर गावी गेले, तेव्हा तुम्ही ते घरी आणून कोपऱ्यात फेकलंत. आईने ते उलटं ठेवून त्यात कांदे भरले.

त्या दिवशी सकाळी, तुम्ही कामावर निघायच्या आधी, आत्या जेवायला आली होती. तुम्ही पाटावर, आत्या शेजारी, मी भिंतीशी. आई वाढत होती. वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, ते घालत जा की. त्या बिचाऱ्याचं काय झालं ते पाहिलंत ना." एवढंच. आवाज चढवून नाही, तक्रार म्हणून नाही. तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात आणि तिच्या डोक्यात घातलात. पितळेचा, भरलेला तांब्या. मी आजही तो आवाज ऐकते. ती भाताच्या पातेल्यावर वाकलेली होती, रक्त सरळ भातात गळायला लागलं, आणि ती पदराने डोकं दाबायच्या आधी पातेलं बाजूला सरकवत होती. "घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मरणाची आठवण करून देतेस? अवदसा." असं म्हणत तुम्ही आणखी एकदा मारलंत, आता खांद्यावर. आणि आत्या, तुमची शहाणी बहीण, काय म्हणाली माहितेय? "वहिनी, चुकलंच तुमचं. कामावर जाणाऱ्याला असं बोलतात का." मग ती आमटी भुरकत राहिली. मला ती बाई कधी आवडली नाही. तिच्या मयताला मी गेले ते माणसात राहायचं म्हणून.

दवाखान्यात आईने सांगितलं, पायरीवरून पडले. टाके घालणारा कंपाउंडर तिला ओळखत होता. दोन महिन्यांपूर्वी ती त्याच पायरीवरून पडली होती. डॉक्टर आत आले तेव्हा त्यांनी तिला नीट समोर बसवून सांगितलं की, बाई, आता या डोक्याला मार लागू देऊ नका, पुन्हा लागला तर मी काही करू शकणार नाही. आईने मान हलवली.  घरी आल्यावर तिने हेल्मेटमधले कांदे सुपात ओतले, ते पुसलं, पट्टीवर फडकं गुंडाळलं आणि डोक्यावर घातलं. मला हसू आलं. पदर वरून घ्यावा की आतून, हे तिला कळेना. शेवटी तिने तो खांद्यावर घेतला आणि कळशी उचलून नळावर गेली.

सगळी चाळ नळावर होती. अहो, हे काय, म्हणून बायका विचारायला लागल्या, आणि आई अगदी साध्या आवाजात सांगते, "डॉक्टरांनी सांगितलंय, डोक्याला मार लागू देऊ नका." तुमचं नाव नाही, तुमची तक्रार नाही.  मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या, आईसुद्धा. इतकी वर्षं आमच्या खोलीतले आवाज ऐकून दारं लावून घेणारी ती चाळ, अण्णा. कुणी कधी मध्ये पडलं नव्हतं. त्या सकाळी मात्र सगळ्या तुमच्याबद्दल उघड बोलायला लागल्या, आणि तुम्ही संध्याकाळी यायच्या आत ते तळ्यापलीकडच्या पानवाल्यापर्यंत पोचलं होतं.

तुम्ही आलात ते तिथूनच ऐकून आलात. आई भाकरी थापतेय, डोक्यावर हेल्मेट. मी परात धरून बसलेय. दार तुम्ही लाथेने उघडता. "काढ ते." ती थापतच राहते आणि म्हणते, "टाके ओले आहेत." तुम्ही मूठ वळून हाणता आणि लोखंडावर तुमची बोटं आपटतात. तुम्ही ओरडलात, खरंच ओरडलात, आणि बाहेरच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. तो तुम्हाला सहन झाला नाही. तुम्ही हेल्मेट ओढायला गेलात तर तिने दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं, पिठाच्या हातांनी, आणि तुम्हाला कुठे मारावं सुचेना. मग तुमची नजर फिरली आणि माझ्यावर आली. चुलीजवळची फुंकणी तुमच्या हातात आली. मी काही केलं नव्हतं, मी हसलेही नव्हते. डाव्या कानावर बसली ती. त्यानंतरचं मला सगळं एकाच कानाने ऐकू येतंय, आजतागायत. शाळेत शिकवायची तेव्हा मी वर्गातल्या डाव्या रांगेकडे मान फिरवूनच प्रश्न ऐकायची, आणि पोरांना वाटायचं बाईंना मानेचा त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघालात तेव्हा आई दारात उभी होती. डोकं उघडं, टाक्यांवर काळपट रक्त. तिने हेल्मेट तुमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे घेऊन जा. घरात नको." तुम्हाला वाटलं ती नमली. तुम्ही चाळीला ऐकू जाईल असं हसलात. मीसुद्धा तिच्यावर चिडले, कितीतरी वर्षं चिडलेली होते, की एवढं हातात आलेलं तिने परत का दिलं. लग्न ठरल्यावर मी तिला विचारलं. ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माझं डोकं झाकलं की त्यांचा हात तुझ्याकडे वळतो. मग झाकून काय करू?" मी तिथून उठून मोरीत गेले आणि पाणी ओतत रडले.

आता आत्याच्या शहाणपणाच्या गोष्टीचं सांगते. तुम्ही ते हेल्मेट घालायला लागलात ते जिवाच्या काळजीने नाही आणि शेठच्या धाकानेही नाही, शेठ तर अजून गावीच होते. तुम्ही काळ्या टोपीत दिसलात की दुकानदार विचारायचे, "काय, आज घरी ठेवलंत वाटतं? वहिनींना लागतं का?" ठाण्यात विचारायचे, मुंब्र्यात विचारायचे, कॅम्पातले सिंधी दुकानदारसुद्धा हिंदीत विचारायला लागले. म्हणून तुम्ही ते दिवसभर डोक्यावरून काढेनासे झालात, घामाने निथळत का होईना, आणि रात्री कारखान्यात ठेवून घरी यायला लागलात. घरी आलात की आईचं डोकं पूर्वीसारखंच उघडं असायचं आणि तुमचा हात पूर्वीसारखाच चालायचा. डॉक्टरांचं सांगणं त्या घरात फक्त मी लक्षात ठेवलं होतं. तुमचा हात वर गेला की मी डोळे मिटून घ्यायची आणि मनात म्हणायची, डोक्यावर नको, डोक्यावर नको. पाठीवर बसला की मला हायसं वाटायचं. अशा गोष्टीत हायसं वाटायला शिकवलंत तुम्ही मला.

मग मुंब्र्याचा उतार. त्याच वळणावर, भरलेल्या पेटाऱ्यासकट. तुम्ही जगलात. मांडीचं हाड मोडलं, तोंडावर काचा घुसल्या, हेल्मेटला मुठीएवढा खळगा पडला आणि आतलं डोकं शाबूत राहिलं. चार महिने तुम्ही खाटेवर होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खळगा बोटाने चाचपायला लावायचात. "डोकं सांभाळावं माणसाने," असं सांगायचात. लोक माना डोलवायचे. आई चहा आणून ठेवायची, तिच्या भांगातला वण सगळ्यांना दिसायचा, आणि ते चहा पिऊन जायचे. कारखान्यातल्या नव्या गड्यांना तुम्ही हेल्मेटचं महत्त्व पटवून द्यायचात. तुमचं ऐकून दोघातिघांचे जीव वाचलेही असतील, मी नाही म्हणत नाही. पण ते बोलणं आईचं होतं, जेवणाच्या पाटावरचं, आणि तिला त्याचं काय मिळालं ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. बरे झालात तेव्हा लंगडत होतात. हात थांबला नाही, पोच तेवढी कमी झाली. आई दोन पावलं लांब उभी राहायला शिकली आणि त्या दोन पावलांवर तिने पुढची सगळी वर्षं काढली. तुमच्यानंतर ती सहा वर्षं जगली, माझ्याकडे, आणि तुमच्या श्राद्धाला दर वर्षी उपाशीपोटी स्वयंपाक करायची. मी कधी तिला मदत केली नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचवायचं असतं तरी कुठे धाडू. नातवाला वाचायलाही द्यायचं नाही. त्याला त्याचे पणजोबा तसेच राहू देत. पण एक गोष्ट आईखेरीज कुणाला माहीत नाही. अपघाताचा निरोप घेऊन कारखान्यातला माणूस आला तेव्हा आई दारात होती आणि मी आत चूल पेटवत होते. गाडी उलटली, मुंब्र्याला, त्याच जागी, एवढं माझ्या कानावर आलं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. डबा काढला, तांदूळ मोजून पातेल्यात घेतले आणि धुवायला बसले. माझे हात अगदी शांत होते. असा शांतपणा मला त्या घरात कधी वाटला नव्हता. बाहेर आई विचारत होती, "डोक्यावर होतं का?" आणि तो माणूस सांगत होता, होतं म्हणून वाचले. मग ती आत आली. तिने पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तांदूळ दोघींपुरतेच होते.  तिने डब्यात हात घातला, तुमच्या वाटणीचे काढले आणि माझ्या ओल्या हातांवरून पातेल्यात सोडले. ते मला घालायचे नव्हते, अण्णा.