कडीच्या खुर्च्या

७ जानेवारी, कुंडल
वाचनालयाच्या नव्या सभागृहात जुन्या खुर्च्या आल्यात. कोरेगावच्या भंगारातून. सागवानी बैठक, लोखंडी पाय. प्रत्येकीच्या पाठीमागे एक कडी, हाताला एक. अध्यक्ष तात्या ठाम : "सांगलीच्या नाट्यगृहातल्या मानाच्या खुर्च्या हायत, बाई. कड्या छत्र्या अडकवायला." तसा फलक रंगवायला टाकलाय. कपडे अडकतात म्हणून कड्या कापणार. खुर्च्या पाहुण्यांना. बायकांना कडेला सतरंजी, नेहमीप्रमाणे. उद्घाटनाचं भाषण माझं. म्हटलं, चौकशी करते, तोवर कापू नका.

९ जाने.
कोरेगाव. भंगारवाला : "सांगली कुठली? वडूजची बंद टॉकीज. मीच उचलल्या." कड्या कशाला? "मालकाला ठावं. त्यो वर गेला."

१२ जाने.
वडूज. टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय. शेजारच्या घरात हौसाबाई, ऐंशीच्या पुढच्या. मोबाइलवर फोटो दाखवला.
"आवं, ह्या आमच्या बायकांच्या बाजूच्या! पोराच्या झोळीचं एक टोक पुढच्या खुर्चीच्या कडीला, एक आपल्या खुर्चीच्या हाताच्या. पायानं झोका, डोळं पडद्यावर."
कड्या मालकानं बसवल्या?
"व्हय. पोरं रडली की बाप्ये वरडायचं. त्यातच पोरांचं बाप असायचं की!"
सून आतून : "आत्ती, हे कधी सांगितलं नाही."
"कवा इचारलंस?"
एस.टी.त भाषण बदललं.

१३ जाने.
तात्यांना फोन. कड्या ठेवा, फलक बदला, खुर्च्या बायकांना द्या.
"पहिलं दोन केलं समजा. पर आमदारांना सतरंजीवर बसवू व्हय?"
"बसवा."
फोन ठेवला. त्यांनी की मी, आठवत नाही.

१८ जाने.
उद्घाटन. कड्या शाबूत. फलक कोरा. खुर्च्यांत पाहुणे, सतरंजीवर बायका. व्यासपीठावरून सगळं सांगितलं. झोळी, झोका, ओरडणारे बाप. शेवटी सरळच : या जागा बायकांच्या आहेत, परत करा. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात खुर्च्यांतून. उठलं कोणी नाही. सतरंजीवरूनही नाही. इतकी वर्षं बोलते आहे, टाळ्यांचा हा उपयोग नवा.
नंतर दोघी सतरंजी गुंडाळत होत्या. एकीनं कडीत बोट घालून ओढून बघितली. "लय घट्ट हाय गं." बसली नाही.

१९ जाने.
तात्यांचा फोन. पुढच्या महिन्यात पुन्हा भाषण हवंय, लोकांना फार आवडलं.
"सतरंजी घालणार नसाल तर येते."
"घरात इचारून सांगतो."