विद्यापीठाची मुकी घंटा

टेकडीवरची इमारत (एकच आहे, चुकणार नाही),
लोन एल्म, मिसूरी नदीच्या पलीकडे,
बुधवार, १३ ऑक्टोबर १८७५

तीर्थरूप जबेझमामांस,

तुमचा भाचा आल्फियस याचा टोपी काढून नमस्कार.

इकडे माझं बरं आहे. तिकडे तुमची तब्येत ठीक असावी, मामींचा गुडघा थंडी पडायच्या आत नीट झाला असावा, खेचराने लाथा मारणं सोडलं असावं, आणि पाणचक्कीचे दगड, विशेषतः फ्रान्सहून आणलेली ती नवी जोडी, खुशाल असावी. मी आजवर कधी दगडांची चौकशी केली नाही, हे मला ठाऊक आहे. माणूस दूर गेला की त्याला अशा गोष्टी आठवतात. विद्यापीठाच्या शेतातल्या मक्याचं एक पोतं तुमच्या नावाने शुक्रवारी मालगाडीत चढलं. मालगाडी दोन आठवडे घेते, पत्र चार-पाच दिवसांत पोचतं. म्हणजे हे पत्र आधी पोचावं. पोचलंच पाहिजे. त्याविषयी पुढे लिहितो.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, वर्षभर बघ, नाही जमलं तर चक्कीतलं हिशेबाचं टेबल तुझंच आहे. ते टेबल मला इथे बरेचदा आठवतं. माझी नेमणूक लॅटिन आणि ग्रीक शिकवण्यासाठी झाली. पहिल्या आठवड्यात कळलं की वनस्पतिशास्त्रालाही माणूस नाही. दुसऱ्या आठवड्यात सुलेखन आलं. आम्ही अध्यापक एकूण पाच. त्यांत वयाने सर्वांत लहान मी, म्हणून घंटाघराची किल्ली माझ्याकडे, तळमजल्याच्या शेगडीचा कोळसा माझ्याकडे, आणि सकाळच्या प्रार्थनेला हजेरी पुकारणंही माझ्याकडेच. मला राहायला तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आहे. वारा सुटला की तिची खिडकी ग्रीक क्रियापदं म्हटल्यासारखी खडखडते. (वारा रोज सुटतो.) विद्यार्थी चौऱ्याऐंशी आहेत. त्यांतले निम्मे अजून तयारीच्या वर्गात आहेत, म्हणजे त्यांना अपूर्णांक येत नाहीत. रोज दोन तास प्रत्येकाने अंगमेहनत करायची असा राज्याचा कायदा आहे. त्यानुसार आम्ही गेल्या वसंतात टेकडीवर तीनशे रोपं लावली आणि अध्यक्षांच्या गाईने ती उन्हाळ्यात खाल्ली. आता खड्डे तयारच आहेत, त्यामुळे यंदा अर्धं काम वाचलं.

अध्यक्ष म्हणजे रेव्हरंड डॉ. थॅडियस पेल. नीतिशास्त्र शिकवतात. माणूस सज्जन आहे, इतका की त्यांच्यासमोर शिंक आली तरी अपराधी वाटतं. त्यांच्यानंतर दरारा मिस हल्डा क्रीच यांचा. त्या गणित शिकवतात, मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करतात आणि विद्यापीठाची सगळी कागदपत्रं सांभाळतात. अध्यापकांच्या सभेत त्या फारसं बोलत नाहीत. दुसऱ्याचं बोलून संपलं की फक्त विचारतात, "म्हणजे नक्की किती?" आणि मग बोलणाऱ्याला आठवतं की त्याने काही मोजलंच नव्हतं.

आता घंटेविषयी. मामा, हे गाव घंटेवर चालतं. तास तिच्यावर, प्रार्थना तिच्यावर, आणि गावातल्या बायका बटाटे चुलीवर चढवतात तेही तिच्यावरच. संध्याकाळच्या घंटेला अध्यक्षांची गाय दूध द्यायला स्वतः चालत घरी येते. आणि घंटेत प्राण काय, तर आत लोंबणारा लोखंडी लोळा. अठरा पौंडांचा. तो काढला तर उरते ती उलटी टांगलेली काहील.

पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांत अशी रीत आहे म्हणतात की दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ऑक्टोबरात घंटेचा लोळा पळवायचा. लोळा नाही तर घंटा नाही, आणि घंटा नाही तर तास नाही. आमचं विद्यापीठ चार वर्षांचं आहे. इथे अजून जिन्याला कठडा नाही, पण ही रीत मात्र पोचली आहे. गेल्या आठवड्यात मुलं जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे बघून हसायला लागली तेव्हाच मी ओळखलं की दिवस जवळ आला.

शुक्रवारी सकाळी आमचा राखणदार नील्स (स्वीडनचा आहे, दहा माणसांचं काम करतो, सांगितलेलं आणि न सांगितलेलं) माझ्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात होती.

"प्रोफेसर, घंटा मेली."

"म्हणजे?"

"दोरी ओढतो. ती हलते. बोलत नाही."

मुलांना नील्सने थाळा बडवून गोळा केलं. डॉ. पेल यांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. मामा, मी चांगला बोललो. रोममधल्या सगळ्या फितुरांची नावं घेतली. म्हटलं, जो हात रात्रीच्या आडोशाने ज्ञानाच्या घंटेची जीभ उपटतो, तो उद्या काय करणार नाही? तयारीच्या वर्गातली एक मुलगी रडली. तेवढं करून मी प्रसन्न मनाने वर माझ्या खोलीत गेलो, आणि दोनच मिनिटांनी खाली येऊन स्टेशनपर्यंतचे दोन मैल एका दमात धावलो. (इथली हवा व्यायामाला चांगली आहे.) स्टेशनावर कुणी नव्हतं. मालगाडी नऊलाच गेली होती.

त्या दिवसापासून गावाचं वेळापत्रक मोडलं आहे. गाय अंधार पडला तरी माळावर उभी असते आणि डॉ. पेल कंदील घेऊन तिला नीतिशास्त्र सांगायला जातात. वाणी बिकल रस्त्यावर मला अडवून विचारतो, "काय प्रोफेसर, दुपार झाली का, की त्यासाठी सभा घेणार?" बटाट्यांचं तर बोलूच नका.

एवढं असतं तर हसून सोडलं असतं. पण शनिवार आला. शनिवारी प्रार्थनेनंतर इथे एक रीत आहे, तिच्यासारखी मी दुसरीकडे पाहिली नाही. मी हजेरी पुकारतो, आणि ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून आठवड्याभरातले आपले अपराध स्वतः सांगायचे. काही नसेल तर फक्त "निर्दोष" म्हणायचं. साधारणपणे चौऱ्याऐंशी वेळा "निर्दोष" ऐकू येतं आणि आपण जेवायला जातो. पण या शनिवारी ऑरिन टॅगर्टचं नाव आलं आणि तो "निर्दोष" म्हणाला नाही.

ऑरिन दुसऱ्या वर्षाला आहे. वय एकोणीस. बापाचं घर मातीच्या ढेकळांचं, इथून साठ मैलांवर. ते अंतर तो चालत आला. स्वतःच मक्याची पेज शिजवतो, आठवडाभर तीच खातो, आणि लॅटिनमध्ये माझ्यापेक्षा एकच वर्ष मागे आहे. (हे अध्यक्षांना माहीत नाही.) तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी गुरुवारी लोळा चोरायला घंटाघरात चढलो. खिडकीतून गेलो. पण तो आधीच नव्हता."

मामा, सभागृहात असा हशा पिकला की नील्स धावत आत आला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ऑरिन, मग तो स्वतःच उतरून गेला का रे?" दुसरा म्हणाला, "पेजेत विरघळला असेल!" डॉ. पेल हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "टॅगर्ट, अर्धं खरं सांगणं हा दुसरा अपराध झाला." पोराचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "सर, सगळंच सांगितलं," आणि खाली बसला.

सोमवारी अध्यापकांची सभा झाली. तीस तारखेच्या शनिवारपर्यंत ऑरिनने लोळा आणून दिला नाही, तर त्याला काढून टाकायचं असं ठरलं. तीन जण बाजूने. मिस क्रीच म्हणाल्या, "तो आधीच नव्हता असं मुलगा म्हणतो. खोटं बोलायचं असतं तर 'निर्दोष' म्हणून सुटला नसता का? तेव्हा त्याच्या आधी वर गेलं कोण? किल्ल्या आहेत किती?" मी म्हटलं, एक. त्या म्हणाल्या, "म्हणजे नक्की किती?" मी पुन्हा म्हटलं, एक. मग माझ्या शेगडीत कोळसा घालायची वेळ झाली.

काल ऑरिन माझ्या वर्गात आला, नेहमीसारखा पुढच्या बाकावर बसला आणि धडा न चुकता म्हणाला. तास संपल्यावर त्याने विचारलं, "प्रोफेसर, तीस तारखेपर्यंत आपण हे पुस्तक संपवू का? पुढे मला पुस्तक मिळणार नाही." मी म्हटलं, संपवू.

असो. विद्यापीठाचं जीवन असं आहे. ज्ञानाचा प्रसार होतोच आहे. मामींना नमस्कार सांगावा, खेचराला दुरूनच. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा आज्ञाधारक,
आल्फियस

ता. क. मामा, त्या पोत्यातला मका दळू नका. पोतं आलं की आधी हात घालून बघा. मधोमध, माझ्या लोकरी पायजम्यात गुंडाळलेली, अठरा पौंडांची एक लोखंडी वस्तू आहे. फ्रान्सच्या दगडांत ती जाता कामा नये. गेली असेल, तर हे पत्र वाचायच्या मनःस्थितीत तुम्ही नसाल, हे मी समजू शकतो.

ता. क. दोन. कसं झालं ते सांगतो. मुलांनी पळवायच्या आत आपणच लोळा काढून ठेवावा, म्हणजे ती वर चढून फजीत होतील, असं मला वाटलं. म्हणून गुरुवारी सगळे जेवत असताना मी वर गेलो, तो सोडवला आणि खोलीत तुमच्यासाठी अर्धं भरून ठेवलेल्या पोत्यात घातला. पुढे वर मका ओतून ते तोंडापर्यंत भरलं. मुलं घाबरली की सोमवारी परत टांगायचा, असा बेत. नील्सने शुक्रवारी सकाळी पोत्यावर तुमचं नाव पाहिलं, तोंड शिवलं आणि इतर मालाबरोबर गाडीत घातलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचाराल, त्याच क्षणी का नाही बोललास? मामा, त्या वेळी माझं वीस मिनिटांचं भाषण होऊन गेलं होतं. फितुरांच्या यादीत आपलं नाव शेवटी जोडायला फार धीर लागतो.

ता. क. तीन. तारच केली असती, पण स्टेशनचा तारवाला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा मेहुणा आहे. तेव्हा लोळा जलद गाडीच्या पार्सलने उलट पाठवावा, पण पाठवणाऱ्याचं नाव घालू नये. आला की मी तो गवताच्या गंजीत ठेवीन आणि गाईला सापडू देईन. ऑरिन सुटेल, मीही सुटेन. कुणाचं काही बिघडत नाही.

ता. क. चार. वरचं रद्द. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मिस क्रीच आल्या आणि त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मालगाडीची पावती, पोत्याच्या वजनाची. मक्याचा एक बुशेल छप्पन्न पौंड भरतो, हे चक्कीवाल्याला सांगायला नको. विद्यापीठाच्या पोत्यात एकच बुशेल मावतो. पावतीवर चौऱ्याहत्तर आहेत. खाली त्यांनी पेन्सिलीने वजाबाकी केली होती, आणि उत्तराखाली एकच शब्द लिहिला होता: शनिवार.

मी विचारलं, "तुम्ही अध्यक्षांना सांगणार?"

त्या म्हणाल्या, "मी कशाला? हजेरी तुम्हीच पुकारता ना?"

तेव्हा तीस तारखेची वाट बघत नाही. येत्या शनिवारी चौऱ्याऐंशी नावं झाली की मी पंच्याऐंशीवं पुकारीन, माझं, आणि मीच उत्तर देईन. ऑरिनचं आडनाव टी अक्षराचं, म्हणून त्याच्या "निर्दोष"नंतर मला थोडाच वेळ थांबावं लागेल. लोळा पाठवताना माझं पूर्ण नाव घाला, ठळक अक्षरांत. आणि चक्कीतलं ते टेबल तूर्त कुणाला देऊ नका.

मिस क्रीच अजून दारातच उभ्या आहेत. त्यांनी विचारलं, चक्कीचे दगड कुठले. मी म्हटलं, फ्रान्सचे. त्या म्हणाल्या, "मग माफीचं भाषण नंतर लिहा. टपाल अकराला निघतं."

अकराला दहा कमी आहेत. धावतो.