तोकिकोची सातवी

सादो बेट, मे १९४७

प्रिय आईस,
तुझ्या फुमिएचा नमस्कार. मी मजेत आहे. रताळी घालून का होईना, भात रोज मिळतो. तुझा खोकला थांबला का?

नव्या कायद्याने सहावीनंतरही तीन वर्षं शाळा सक्तीची झाली. मी शिकवते तो सातवीचा वर्ग सध्या मासळीच्या गोदामात भरतो. माझ्या वर्गातली तोकिको मात्र येईना, म्हणून मी तिच्या घरी गेले.

तिचे वडील म्हणाले, "पोरीला सहावी पुरे झाली. जाळी कोण विणणार?"

"संध्याकाळी मी येते विणायला."

"तुम्हाला येतं?"

"तोकिको शिकवेल."

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येऊ लागली आणि मी जाळी विणू लागले.

काल वडील म्हणाले, "बाई, तुमच्या जाळ्यातून देवमासासुद्धा निसटेल. पोरगी शाळेत येईल, पण तुम्ही आता येऊ नका."

तब्येत सांभाळ.

तुझीच,
फुमिए