आईच्या दगडावरचा W/o

पवनी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. घाटावर आईच्या नावाचा बाक बसवते आहे, त्याचा दगड आज सुधाकर पाथरवटाकडे पाहिला. कागदावर मी फक्त 'यमुनाबाई' लिहून दिलं होतं. इंग्रजीत, कारण मी इंग्रजी वाचायला लागले की आई हातमाग थांबवून ऐकायची. दगडावर मात्र पुढे W/o आणि बाबांचं नाव!

"काहून रे सुधाकर?"

"बाई, एकटं नाव बरं नाही दिसत. सारेच टाकतेत. वाईफ ऑफ."

मला शिकवतोय! दुसरा संसार थाटायला बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. परत कधी फिरकले नाहीत. लुगडी विणून मला कॉन्व्हेंटात घातलं ते एकट्या आईने. आणि आता बाकावर हा माणूस तिच्या शेजारी येऊन बसणार?

तणतणत घरी निघाले. W/o, W/o. अर्ध्या वाटेत आठवलं, सिस्टरनी याचा दुसरा अर्थही शिकवला होता. विदाउट. तशीच मागे फिरले.

"बाबांचं नाव घासून काढ."

"मंग W/o बी काढतो. थे कायले ठेवता जी?"

"ते राहू दे. त्याचा अर्थ 'शिवाय' असाही होतो."

"कोनाशिवाय, बाई?"

"ज्याचं नाव तू आता घासणार आहेस त्याच्याशिवाय."

लोक म्हणतील, बाईचं इंग्रजी चुकलं. म्हणू देत. विचारायला आले की त्याच बाकावर बसवून समजावीन.