गोपाळराव-मारोतराव जोडी जमली, त्याची हकिकत

नागपूर, गोळीबार चौक
डिसेंबर १९५७

राजमान्य राजेश्री बाबनरावजी यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा भैयाजी याचा कडकडून रामराम. कंबर कशी आहे? मागाच्या खड्ड्यात उतरताना अजून धरते का? मोहाचं तेल चोळत जा (माझं आधी ऐका, डॉक्टरचं मग ऐका). उमरेडात थंडी पडली असेल. इकडे चंद्रकला खुशाल, पोरं खुशाल, आणि मी तर इतका खुशीत आहे की दोन दिवस जेवणाकडे लक्ष नाही. येत्या रविवारी आपल्या विणकर सोसायटीच्या अध्यक्षाची निवडणूक! राजधानी भोपाळला गेल्यापासून नागपुरात डोळ्यांत भरेल अशी खुर्ची आम्हाला हीच दिसते. शिवाय सुताचं वाटप तिच्यावरूनच होतं, तेव्हा तिथे कोण बसतो यावर आपलं सगळ्यांचं वर्ष ठरतं.

यंदा नियम बदलला आहे. मागच्या खेपेला अध्यक्षांनी कचेरीला कुलूप घातलं, उपाध्यक्षांनी त्यावर आपलं दुसरं घातलं, आणि पावसाळाभर सूत आत, विणकर बाहेर. म्हणून आता दोघांनी जोडीनंच उभं राहायचं आणि जोडीनंच निवडून यायचं. मग काय विचारता! चहाच्या दुकानात सकाळपासून जोड्या जुळवणं सुरू. ईश्वरदास आणि रुपराव? (रुपराव सारखा बोलतो, ईश्वरदास कोणाचं ऐकत नाही, म्हणजे टिकायला हरकत नाही.) पण माझं म्हणणं पहिल्यापासून एकच: गोपाळराव आणि मारोतराव. अर्धा मोहल्ला याचा, अर्धा त्याचा. दोघे एक झाले तर बाकीच्यांनी घरीच बसावं. अडचण एवढीच, की ते एकमेकांशी बोलत नाहीत. मोराच्या किनारीचा नमुना याचा त्यानं चोरला की त्याचा यानं, यावरून बोलणं तुटलं आहे.

"भैयाजी, तुह्या या जोडीतले दोघं एका सतरंजीवर तरी बसतीन का गा?" असं म्हणून रुपराव हसला. मला चेव आला. (तुम्ही माझा स्वभाव जाणताच.) तडक गोपाळरावांकडे गेलो आणि ठोकून दिलं की मारोतरावांची जोडीची फार इच्छा आहे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "येतो म्हणा. पण रामराम पहिले त्यानं घालाचा."

तिथून मारोतरावांकडे. ते सीताबर्डीला गेलेले. दारात त्यांची बायको सखूवहिनी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या. मी धापा टाकत म्हणालो, "वहिनी, गोपाळरावाकडून बोलणं आलं हाय. जोडी जमवाची हाय. उद्या सकाळी त्याईले घेऊन येतो." वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "त्याईच्या घरचे सगळेच येतीन का जी?" मला वाटलं, बाई राजकारण समजते. म्हणालो, "सगळेच. जितके आले तितके चांगले!" (वहिनींची पुष्पलता लग्नाची आणि गोपाळरावांचा शालिकराम लग्नाचा, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

सकाळी गोपाळराव बायको, मुलगा आणि आपल्या बाजूची पाच-पन्नास माणसं घेऊन निघाले. मारोतरावांच्या अंगणात सडा, रांगोळी, सतरंज्या, आत तळणाचा वास. मारोतराव कोट घालून दारात उभे, आणि रामराम त्यांनीच पहिले घातला! गोपाळराव तिथेच विरघळले. मी छाती काढून म्हणालो, "आता मुद्द्याचं बोला." मारोतराव म्हणाले, "बोलाचं काय? पोरगी तुमचीच समजा."

गोपाळरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. तेवढ्यात पुष्पलता चिवड्याच्या बशा घेऊन आली, आणि तिच्या लुगड्याला नेमकी तीच मोराची किनार! बाबनरावजी, माझे पाय चपला शोधू लागले. शालिकराम मात्र तिच्याकडे जो पाहायला लागला, तो पाहतच राहिला. गोपाळरावांच्या बायकोनं सगळं ओळखलं आणि पोरीला जवळ बसवून विचारलं, "हे किनार कोणं विनली वं?"

"मीच."

गोपाळराव उठले. पदराचा काठ हातात घेऊन उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "माह्यापेक्षा साफ हाय." आणि मारोतरावांच्या बाजूला, त्यांच्याच सतरंजीवर जाऊन बसले. मारोतरावांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसतच होते. साखर वाटली गेली. माघात लग्न आहे.

पण दोघांनी लगेच नावं मागे घेतली. व्याही-व्याही मिळून सूत वाटायला बसले तर लोक काय म्हणतील! म्हणजे माझी जोडी जमली आणि खुर्ची रिकामीच राहिली. चहाच्या दुकानात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काय मजा चालली आहे म्हणून सांगू!

घरात सगळ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
भैयाजी

ता. क. : एक लिहायचं राहिलं. ईश्वरदास अध्यक्ष आणि मी उपाध्यक्ष, अशी जोडी उभी आहे. (रुपराव माझ्याशी बोलत नाही.) उमरेडला राहायला गेलेले आपले सगळे सभासद घेऊन रविवारी अवश्य यावं.

आणखी ता. क. : आमच्यासमोर एकच जोडी आहे. सखूवहिनी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष तुमची बहीण. मोहल्ल्यातल्या कांड्या भरणाऱ्या साऱ्या बाया त्यांच्याकडे आहेत, आणि निम्म्या घरांचं सभासदत्व बायांच्या नावावर आहे, हे मलाही कालच कळलं. चंद्रकला तुमचं ऐकते. नाव मागे घे, अशा दोन ओळी तिला लिहा. मी सुचवलं असं कळू देऊ नका.

दादाले चंद्रकलाचा नमस्कार. पाकीट चिकटवाले यायनं माह्याजवळच देलं. सगळे सभासद घेऊन नक्की ये, आन् आल्याबरोबर सरळ माह्याकडे ये. यायले पाडाचंच हाय. पण लई मतानं नको पाडू, दादा. बिचारे भल्ले खुशीत हायेत.