संग्रहासाठी पहिला बाण

अमरावती
सोमवार, ३ मार्च २०२५

प्रिय सौमित्र,

अनेक आशीर्वाद. अश्लेषाला आणि जावईबापूंनाही सांग.

मी बरी आहे. फोनवर तू "हं, बरं" म्हणतोस आणि लेकीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्रजी पत्रांचे सगळे नमुने पाठ करायला लावले. मराठी पत्र लिहायला मात्र नानांनी बसवलं, त्यांच्या ऑफिसात, अशिलांच्या बाकावर. पहिलं पत्र मावशीला होतं आणि त्यात पानभर तुझी तक्रार होती. नानांनी ते वाचलं, काही खोडलं नाही, फक्त शेवटी "सौमित्र आता शहाणा होत आहे" असं माझ्याकडून लिहून घेतलं.

तुझं इथलं घर मी दोनदा उघडून आले. पंखे पुसले. नळ गळतो आहे, प्लंबरला सांगितलं आहे. अकोल्यात आतापासूनच ऊन तापलं असेल. सकाळी फिरायला जातोस का?

कार्यक्रमाचं सांगायचं राहिलंच. तू लगेच निघून गेलास, पुढचं काही पाहिलंच नाहीस. "संग्रहासाठी एक बाण", म्हणजे नानांच्या शस्त्रसंग्रहासाठी पैसे देऊन बाण सोडायचा, ही आपली कल्पना लोकांनी इतकी उचलून धरली की दुपारी बाण कमी पडले. कोचिंग क्लासची मुलं आली, वकील मंडळी आली. भिशीच्या बायका नऊवारी नेसून स्कूटरवरून आल्या. त्यांतल्या एकीचा बाण स्वतःच्याच पायापुढे पडला, तर म्हणते, "लक्ष्य काय लावता जी? समोर माह्या नवऱ्याले उभं करा, मंग पाहा नेम कसा लागते!" तिनं आणखी तीन बाण विकत घेतले.

नागपूरहून शस्त्रांच्या जतनाचं काम करणाऱ्या दीपमालाबाई आल्या होत्या. त्यांनी मंडळाच्या हॉलमधली कपाटं उघडून सगळं पाहिलं. तलवारी आणि दांडपट्टे चांगले आहेत म्हणाल्या, पण भाल्यांचे दांडे वाळवीनं पोखरलेत आणि ढालींचं चामडं आणखी एका पावसाळ्यात गेलं असतं. नानांनी अचलपूरकडच्या खेड्यांतून, भंगारात जाता जाता उचलून आणलेल्या त्या वस्तू एकेक करून बाईंनी पांढऱ्या कापडावर मांडल्या, तेव्हा मला नाना मागे हात बांधून उभे आहेत असंच वाटलं. हॉलच्या छपराचं काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. म्हणजे ज्यासाठी केलं ते झालं.

त्या दुसऱ्या गोष्टीचं नाव आता कोणी काढत नाही. बाण सोफ्यात गेला, कोणाला खरचटलंही नाही. सोफा डेकोरेशनवाला घेऊन गेला, म्हणाला कव्हर घातलं की भोक दिसत नाही. तू उगाच मनाला लावून घेतलंस.

काल आपल्या तिरंदाजी मंडळाची सभा झाली. तू किल्ल्यांसोबत ठेवलेली चिठ्ठी वाचली गेली आणि चिटणीसपदाचा तुझा राजीनामा मंजूर झाला. साठीच्या पुढच्या सभासदांनी रेंजवर बाण सोडू नये असाही नियम झाला. जानरावांनी मांडला. मंडळाचे जुने खजिनदार, त्यांना काळजी वाटणारच. नियम सगळ्यांसाठी आहे, तुझ्या एकट्यासाठी नाही. मी अध्यक्ष, त्यामुळे मला मध्ये काही बोलता येत नव्हतं.

पाडव्याला ये. श्रीखंड घरीच करीन. चार दिवस राहा, मग हवं तर परत जा.

तुझी
ताई


अमरावती
सोमवार, २४ मार्च २०२५

प्रिय सोमू,

तुझं पत्र मिळालं. इतकं लहान पत्र मी इतक्या वेळा कधी वाचलं नसेल.

तू लिहिलंस: "ताई, माझा हात आता माझा राहिलेला नाही. त्या दिवशी मला बाण न सोडता दोरी परत आणायची होती असं मला वाटतं, पण ते खरं की मी नंतर मनाशी जुळवलं, हे मलाच कळत नाही. हात फसला असेल तर पुढे कशावर भरवसा ठेवू? अश्लेषाच्या बाळाला मी उचलून घेत नाही."

बाळाचं वाचलं आणि पत्र हातातून खाली ठेवलं. मागच्या पत्रात मी तुला नळाचं सांगितलं, श्रीखंडाचं सांगितलं. जे सांगायचं होतं ते सोडून सगळं सांगितलं. आता सांगते.

सोफ्यापासून सुरुवात करते. तो लक्ष्याच्या डाव्या हाताला, कडुलिंबाच्या सावलीत मी ठेवायला लावला होता. पाहुणे आणि लक्ष्य एकाच फोटोत यावेत म्हणून. प्रतीक्षा सकाळीच माझ्याकडे धावत आली. आपली कोच असली तरी माझ्यासमोर ती अजून विद्यार्थिनीसारखीच उभी राहते. म्हणाली, "ताई, सोफा तिकडं काहून ठेवला? बाण सोडायच्या लाईनीसमोर कोनालेच बसवत नाई." मी हसले. म्हटलं, "अगं, पहिला बाण सौमित्र सोडणार आहे. त्याचा बाण कधी इकडेतिकडे गेलाय का? तेवढा बाण झाला की सोफा हलवू." मी तिला गप्प बसवलं.

आणि हे मी कोणत्या तोंडानं म्हणत होते? संक्रांतीला तू जेवायला आलास तेव्हा वाटीतलं वरण भातावर ओतलं नाहीस. वाटीच तोंडाला लावलीस. नंतर उजवा हात मांडीवर ठेवून डाव्यानं तो दाबून धरलास. मी पाहिलं, सोमू. मी तिळगुळाचा डबा आणायच्या निमित्तानं आत गेले. विचारलं असतं तर तुला डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं, आणि फलकावर तुझं नाव छापून आलं होतं. "राष्ट्रीय पदकविजेत्यांच्या हस्ते पहिला बाण." तू म्हणाला होतास, "ताई, मला नको. मुलांना सोडू दे." का, म्हणून विचारलं तर म्हणालास, "उगाच." त्या एका शब्दापुढे मी जायला हवं होतं. मी तुला म्हटलं, नानांसाठी कर. नानांचं नाव काढलं की तू नाही म्हणणार नाहीस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता त्या क्षणाचं. हे नीट वाच.

तू दोरी ओढलीस. ओढली ती पूर्वीसारखीच, खांदा खाली, मान सरळ. मैदान शांत झालं. मग तू थांबलास, आणि तुझं कोपर पाठीमागून सैल व्हायला लागलं. दोरी हनुवटीपासून सुटून हळूहळू पुढे येत होती. धनुष्याचं खालचं टोक तुझ्या मांडीकडे वळलं होतं. तू बाण परत घेत होतास. मला हे कसं कळतं असं विचारू नकोस. नाना आपल्याला परसात उभं करून हेच शिकवायचे ना, नेमाच्याही आधी? "मन नसलं तर परत आण रे, कोणी हसणार नाही." मी कधी धड तिरंदाज झाले नाही, पण बाण परत घेणारा माणूस मला पाठमोरा ओळखू येतो.

तुझा हात फसला नव्हता. तुझा हात अगदी बरोबर करत होता.

मी माईकवर होते. शाळेत सिस्टर फिलोमिना मला सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला लावायच्या, तेव्हापासून कुठेही माईक आला की तो माझ्याच हातात येतो. मला वाटलं, लोक म्हणतील घाबरला. वकील मंडळी बसली होती, कॅमेरेवाले होते. माझा भाऊ, आणि बाण न सोडता परत फिरणार? मी ओरडले, "सोड, सोमू!" स्पीकरचा डबा तुझ्या पाठीशी होता. तू दचकलास. बोटं उघडली.

बाण मी सोडला, तुझ्या हातानं.

पुढचं तुला माहीत आहे. प्रमुख पाहुणे यायचे होते, त्यांची जागा रिकामी होती, बाण तिथे घुसला. शेजारी बसलेले जानराव आधी पांढरे पडले आणि मग सावरून म्हणाले, "सायब लेट आले म्हनून वाचले! नाई त आपल्या संग्रहात आनखी एक नग वाढला असता!" सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते, सोमू. भीती वाटली की मला हसू येतं, हेही तुला ठाऊक आहे. पण तू वळून पाहिलंस तेव्हा तुला माझं हसणंच दिसलं असणार. तू धनुष्य गवतावर ठेवलंस, दोरी ओढायला बोटावर चढवलेलं चामडं काढून खिशात घातलंस आणि फाटकाकडे चालू लागलास. मी तुझ्या मागे यायला हवं होतं. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

तो व्हिडिओ लोकांनी मोबाइलवर इकडून तिकडे पाठवला. त्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. प्रत्येकाला वाटतं की बहीण भावाला हुरूप देते आहे. नंतर कितीतरी जणांनी मला जवळ घेतलं. "ताई, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल." मी मान हलवत राहिले. पहिल्या सभेत जानराव म्हणाले, "सौमित्रभाऊचं वय झालं, ह्याच्यात कोनाचा काय दोष?" तेव्हाही मी मान हलवली. अध्यक्षाला मध्ये बोलता येत नाही असं मी तुला लिहिलं ना, ते खोटं होतं. येतं बोलता.

तुझं पत्र आलं म्हणून काल पुन्हा सभा बोलावली आणि उभं राहून सगळं सांगितलं. हाताचं नाही सांगितलं, ते तुझं आहे. सोफा कोणी ठेवला आणि "सोड" कोण म्हणालं, ते सांगितलं.

जानराव चष्मा पुसत म्हणाले, "ताई, झालं गेलं. आता कावून उकरून काढता? सभेच्या वहीत लिहून ठेवलं त पैसे देनारे काय म्हनतीन?" ते वाईट माणूस नाहीत. छपराचं काम निघालं आहे, त्यांना तेवढंच दिसतं. प्रतीक्षा मात्र खाली मान घालून म्हणाली, "सर बाण परत घेऊन राहिले होते, हे मलेबी दिसलं होतं, ताई. पन तुमीच बोलल्या नाई, त मी कशी बोलू?"

म्हणजे दोघींनी पाहिलं होतं. तुला आता माझ्या एकटीच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

नियम तसाच राहिला. मी तो रद्द करायचा प्रयत्न केला, मतं मिळाली नाहीत. बाहेर पडताना एक जण हळूच म्हणाला की सोफा कुठेही असता तरी सत्तरीला टेकलेल्या माणसाला उभं करायचंच कशाला. रेंजवर तू पुन्हा उभा राहशील, असं मला तुला लिहिता येत नाही. ते मी तुझ्याकडून घेतलं, आणि परत द्यायची माझी ताकद नाही. अध्यक्षपद मी सोडलं. त्यानं काही भरून निघत नाही, पण त्या खुर्चीवर बसवत नव्हतं. दीपमालाबाईंनी पहिल्या ढाली नागपूरला नेल्या. त्यांचा फोन आला होता, चामडं सुधारतं आहे म्हणाल्या. मी "वा" म्हटलं आणि फोन ठेवला.

हात थरथरतो त्याचं औषध असेल किंवा नसेल, ते डॉक्टर सांगतील. अश्लेषाला आजच सांग. तिला वाटतं आहे की तू तिच्यावर रुसला आहेस, म्हणून बाळाला घेत नाहीस. खाली सतरंजीवर बस, तिला शेजारी बसव आणि बाळ मांडीवर घे. मांडी कुठे थरथरते?

पाडवा रविवारी आहे. मागच्या वेळी मी तुला "ये" म्हणून लिहिलं, विचारलं नाही. मी तुला कधीच विचारलं नाही, नेहमी सांगितलंच. आता विचारते: मी अकोल्याला येऊ का? नाही म्हणालास तर मी समजेन. काहीच म्हणाला नाहीस, तर त्याचा अर्थ हो असा मी माझ्या मनानं लावणार नाही.

तू सांगेपर्यंत अमरावतीतच असलेली,
तुझी ताई