उलट्या पायांची मावशी

आई, मी आता पुस्तकं लिहिते, आणि ती भुतांची आहेत. तुला हे आवडलं नसतं. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले तेव्हा त्यांच्या मागोमाग भुतंही वाहून गेली, असं तू सांगायचीस, आणि घरात कुणी हडळीचं नाव काढलं तर पातेल्यावर झाकण आपटायचीस. पण माझी भुतं जुन्या विहिरीतली नाहीत. ती वर्ध्यात राहतात, भाड्याच्या खोल्यांत. रस्ता रुंद करताना ज्याचा पिंपळ तोडला, असा एक मुंजा मोबाइलच्या टॉवरवर राहायला गेला आहे आणि तिथं बसूनही त्याला रेंज मिळत नाही. एक खवीस सोसायटीत वॉचमन आहे. त्याला झोपच येत नाही म्हणून सगळे त्याच्यावर खूश आहेत. आणि एक हडळ घरोघरी पार्सलं पोचवते. तिचे पाय उलटे, त्यामुळे ओल्या अंगणात उमटलेली पावलं घराबाहेर जाताना दिसतात, आणि लोक कंपनीला फोन करून भांडतात, की तुमची बाई आलीच नाही, नुसती गेली. वाचणारे तिला उलटी मावशी म्हणतात. हे नाव मी दिलेलं नाही. ते त्यांनीच ठेवलं.

लोकांना हे का आवडतं, असं मला विचारतात. मला उत्तर देता येत नाही, पण वाचणाऱ्यांना येतं. सिंदी रेल्वे या गावच्या वाचनालयात मला बोलावलं होतं. तिथं एक मुलगी उभी राहिली. ती वर्ध्याला कॉलेजात जाते, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येते आणि कापसाच्या जिनिंगच्या मागच्या बोळातून एकटी घरी जाते. ती म्हणाली, "मॅडम, पहिले तिथं माझे पाय चालतच नव्हते. आता मी मनातल्या मनात विचारते, काय मावशी, आज लय पार्सलं होते का? आणि बोळ संपून जाते." सगळे हसले. मग मागून एक निवृत्त कारकून बोलले. ते म्हणाले, आयुष्यभर आपण दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलो आणि 'उद्या या' ऐकून परत आलो. तुमच्या हडळीलाही घरकुलासाठी 'उद्या या'च म्हणतात, ते वाचून बरं वाटलं, की खोट आपल्यात नव्हती. मी मान हलवली, टाळ्या झाल्या, कुणी तरी चहा दिला. परतीच्या गाडीत मला तुझी आठवण आली.

कारण लोकांना भुतांवर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्यामुळे. समुद्रपूरच्या पुढचं ते गाव, तू तिथली नर्सबाई, आणि उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. उन्हाळ्यातली दुपार आहे. स्टोव्हवर तू सुया उकळायला ठेवल्या आहेत आणि मी धान्याच्या कोठीला टेकून बोरकूट खाते आहे. दवाखान्यात झाडलोट करणारी म्हातारी मागच्या दाराने धावत आत येते आणि एक शब्द न बोलता माझ्या शेजारी, कोठीच्या आड बसते. तिच्या अंगाला घाम आणि फिनाइलचा वास येतो आहे. मग पुढच्या दाराशी आवाज होतात. एका माणसाचं पोर तापात फणफणलं आहे, डोळे फिरवतं आहे, आणि सकाळी या म्हातारीने त्याच्या गालाला हात लावला होता. आलेले लोक मला सगळे ओळखीचे. त्यांतल्या कितीकांना तू टोचलेलं होतंस.

तू पदर खोचून दारात उभी राहतेस. तुझी पाठ मला दिसते. कुणीतरी ओरडतं, "बाई, तिले बाहेर काढा. थे रात्री उडते, आमच्या लोकाईनं पाह्यलं." आणि तू म्हणतेस, "उडते? मले काऊन नाई सांगतलं बापा आजपर्यंत! लशीचा डबा आणाले मी दर वेळी यष्टीची वाट पाहत फाट्यावर वाळते. आता हिलेच पाठवत जाईन." मागे कुणीतरी फिस्सकन हसतं. तू थांबत नाहीस. "गुडघे धरून रोज रडते माह्यापाशी. उडणारीचे गुडघे दुखते काय रे?" आता बरेच जण हसतात. हातातली काठी खाली टेकून हसतात, तशी माणसं हसतात. फक्त पोराचा बाप हसत नाही. त्याच्याकडे वळून तू आवाज उतरवतेस. "पोराले घेऊन ये. हिंगणघाटची गाडी येऊन राह्यली. मी येते संगं. चाल." आणि तो खरंच वळतो.

पोर वाचलं, आई. तापच होता तो, मेंदूत चढलेला. ते तू पुढे कितीदा सांगितलंस. पण गाडीला निघण्याआधी तू आत आलीस ते मात्र कधी सांगितलं नाहीस. तू माठातलं पाणी घेतलंस आणि स्टीलचा पेला तुझ्या दातांवर वाजत राहिला. थांबेचना. तू तो दोन्ही हातांनी धरलास तरी वाजत होता. मी कोठीआडून हसतच बाहेर आले होते. तू पेला ठेवलास आणि म्हणालीस, "तू काऊन हसली? तुले गंमत वाटली काय?" एवढं रागावून तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. गंमत वाटली नव्हती. बाहेर सगळे हसत होते, आणि आपण एकटेच हसलो नाही तर ते आपल्याकडे बघतील, एवढंच मला कळलं होतं.

मी कॉलेजात असताना तू गेलीस. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी पहिलं पुस्तक लिहिलं, आणि मला वाटलं, तू दारात उभं राहून केलंस तेच मी टेबलाशी बसून करते आहे. जे अंधारात भेवडावतं त्याला रांगेत उभं करायचं, त्याच्या हातात झेरॉक्स द्यायची, त्याचे गुडघे दुखवायचे. मग ते कुणाला काय करणार? हे मी दोन-चार ठिकाणी भाषणात म्हटलंही. लोकांनी लिहून घेतलं.

आता यंदाचं सांगते. आमच्या कॉलनीत, माझ्या मागच्या गल्लीत, एक बाई एकटी राहते. नाचणगावची आहे, नवरा गेल्यावर इकडे आली. पाय वाकडा पडतो तिचा, मोडलेला नीट बसला नाही. मांजरांना भात घालते. पोरांनी तिला उलटी मावशी म्हणायला सुरुवात केली. तिच्या फाटकासमोर चिखलात उमटलेल्या पावलांचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर आला, खाली हसणारी तोंडं, आणि कुणी तरी माझं नाव घालून विचारलं, मॅडम, ही पार्सलवाली तुमचीच ना? मी काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. मग एक दिवस तिच्या फाटकाला कुणी काळी बाहुली आणि लिंबू-मिरची बांधून ठेवली. त्या फोटोवरही लोक हसले. मग तिच्या शेजारच्या सुनेचं पोट पडलं. त्या दिवशी ग्रुपवर एकच ओळ आली: याच्यावर हसून आता चालणार नाही.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्याला लोक हसतात त्याला ते खरं मानत नाहीत, असं मी समजत होते. पण हसता हसता त्यांनी तिला नाव दिलं होतं, पाय दिले होते, पत्ता दिला होता. आता त्यांना फक्त हसणं काढून घ्यायचं होतं.

दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा मागच्या गल्लीत आवाज झाले. मी पोलिसांना फोन लावला. आता यासाठी कायदा आहे, आई, तुझ्या वेळी नव्हता. पलीकडच्या माणसाने पत्ता घेतला आणि गाडी पाठवतो म्हणाला. मग मी गेले. चप्पल घातली की नाही ते आठवत नाही. फाटकाशी माणसं जमली होती, माझ्या रोजच्या रामरामातली. त्या सुनेचा नवरा पुढे उभा होता, आणि त्याचा चेहरा मी पाहिला मात्र, मला तुझ्या दाराशी आलेला तो बाप दिसला. मी फाटकाच्या आत जाऊन पायरीवर उभी राहिले. माझ्या मागे दार बंद होतं आणि दारामागे ती बाई होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

आता बोलायचं होतं. तुझं वाक्य मला पाठ होतं, माझी स्वतःचीही शेकडो होती. मी म्हटलं, "अरे बाबा, धड चालता येत नाही तिला, ती करणी करायला जाईल कशी?" कोणीतरी हसलं. "मॅडम, तुमच्याच पुस्तकात तर आहे नं. पार्सल पोचवते थे." आणि सगळे हसले, आणि हसत हसत एक पाऊल पुढे आले. तुझ्या दाराशी हसून माणसं मागे सरली होती. इथं ती पुढे आली. कडेला एक शाळकरी पोरगी होती, दप्तर पाठीला. तीही हसत होती आणि हसताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती का हसते ते त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

मी पायरीवर बसले. ते ठरवून केलं नाही, उभंच राहवेना. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते पुस्तकी मराठीत नव्हतं. मी म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं. तुमचं. तुमचं सगळ्याइचं भेव लागून राह्यलं मले." आणि मी रडायला लागले, चांगली मोठ्याने, नाक पुसत. लाज वाटावी असं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्यात. एकाने खिशातून मोबाइल काढला आणि उगाच पाहिला. एक जण "चला रे" म्हणाला. ते एकदम गेले नाहीत. आधी मागचे गेले, मग मधले. नवरा राहिला. मी त्याला विचारलं, "दादा, तुमची बायको जेवली का?" तो म्हणाला, "नाई. कोणी विचारलंच नाई तिले." आणि तो फाटकाला डोकं टेकून उभा राहिला. पोलिसांची गाडी आली तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो. दोन शिपाई उतरले, ते त्याच्याशी आणि मग घरोघरी जाऊन इतरांशी बोलले, आणि त्यांनी कायदा काय म्हणतो ते ग्रुपवरही टाकायला लावलं. त्यानंतर कुणी आलं नाही. पण ती बाई आता फाटकाला कुलूप लावते, आणि मांजरांना भात कुंपणावरून टाकते.

मी तिच्याकडे जाऊ लागले. पहिल्यांदा तिने कुलूप काढलं नाही. नंतर एकदा काढलं आणि म्हणाली, "थे बुक आण. माह्यावर काय लिवलं थे वाचून दाखव." मी म्हटलं, तुमच्यावर नाही लिहिलं. ती म्हणाली, "मालूम हाय. तरी वाच." मी वाचलं, रेंज नसलेला मुंजा, उलटी पावलं, घरकुलाची रांग. जिथं सभागृहं हसतात तिथं ती हसली नाही. रांगेशी मात्र हसली, पोट धरून, आणि म्हणाली, "खरं हाय, मलेबी असंच परत पाठवलं होतं." मग तिने विचारलं, "हे मावशी घरी येते तेव्हा तिच्याकडं कोन असते?" मी पुस्तक मिटलं. ते मी लिहिलंच नव्हतं. तीन पुस्तकांत ती पार्सलं वाटत फिरते आणि संध्याकाळी कुठे जाते ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या पुस्तकात येईल. तिने मान डोलावली, जणू तिला घाई नव्हती.

पुढचं पुस्तक मी सुरू केलं आहे. सिंदीची मुलगी फोन करून विचारते, मावशी कधी येते? तिच्या बोळासाठी मला ते लिहायचंच आहे. पहिली पानं बरी झाली, मी स्वतःही हसले. मग मावशी कामावरून घरी आली, तिने कुकर लावला, आणि बाहेर माणसांचे आवाज झाले. मी मांडलेले नव्हते ते, आपोआप आले. तिथं मी थांबले आहे. तिला काय बोलू द्यावं ते कळत नाही. ती विनोदी पुस्तकातली बाई आहे, तिने काहीतरी बोलून लोकांना हसवायला हवं, आणि मला त्या हसण्याचीच भीती बसली आहे. आई, तुला पत्र लिहिते आहे असं मी घरात सांगितलं नाही. पुस्तक लिहिते आहे असं सांगितलं. पण आज सकाळपासून ते पान मी उघडलेलं नाही, आणि तू कुठे आहेस हे ठाऊक नसताना हे सगळं तुला सांगत बसले, ते एवढ्यासाठीच, की ते पान उघडायला नको.